मुलं आणि पाणी : बुडण्याचे अपघात टाळायचे तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

मुलाला पोहण्याच्या क्लासला घातलं, दंडात घालायचे फुगे आणले आणि सहलीला निघताना ‘पाण्यात जाऊ नकोस हं’ असं बजावलं, की आपलं काम झालं असं बरेच पालक धरून चालतात. खरं तर या तिन्ही गोष्टींचा नंबर फार उशिरा लागतो. त्याआधीची कामं राहून जातात आणि घात तिथेच होतो. न्हाणीघरात भरून ठेवलेली बादली, अर्धवट झाकलेला हौद, उघडं राहिलेलं फाटक, आणि ‘मला वाटलं तू बघतोयस’.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून गेले. त्यांतली जवळपास एक चतुर्थांश मुलं ५ वर्षांखालची होती. या वयाचं मूल बहुतेक वेळा पोहायला म्हणून पाण्यात उतरलेलं नसतं, ते खेळता खेळता पाण्यापर्यंत पोचलेलं असतं.

म्हणून क्रम असा धरा : नको असलेलं पाणी काढून टाकायचं, उरलेल्या पाण्याला अडथळा घालायचा, मग नजर ठेवण्याचं काम एका माणसाला नेमून द्यायचं, आणि त्यानंतर पोहणं व साधनं. सुटकेची माहिती लेखात शेवटी आहे, पण ती शिकून घ्यायची मूल पाण्याजवळ जाण्याच्या आधी.

## सुरुवातीला : बुडणारं मूल कसं दिसतं

हे आधी सांगायचं कारण असं की, काय शोधायचं हेच माहीत नसेल तर पुढची सगळी नजर फुकट जाते. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा’ म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात ओरडायला श्वास लागतो आणि बुडणाऱ्याचा श्वासच अडलेला असतो. फ्रान्सेस्को (फ्रँक) पिया या अमेरिकी जीवरक्षकाने खऱ्या बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून ही लक्षणं नोंदवली. आज जीवरक्षकांना तीच शिकवली जातात :

- शरीर पाण्यात उभं असतं, पाय मारण्याची हालचाल दिसत नाही.
- डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या पातळीला. ते क्षणभर वर येतं आणि पुन्हा खाली जातं.
- हात बाजूला पसरून पाण्यावर खाली दाबले जातात, जणू अदृश्य शिडी चढतोय. हात वर करून इशारा करणं त्या क्षणी जमत नाही.
- डोळे मिटलेले किंवा शून्यात लागलेले, केस कपाळावर आलेले तरी ते बाजूला करत नाही.
- हाक मारली तर उत्तर येत नाही.

ही धडपड साधारण २० ते ६० सेकंद चालते, मग मूल पाण्याखाली जातं. तान्ह्या किंवा रांगत्या मुलाच्या बाबतीत तेवढीही धडपड दिसत नाही. आवाज करत खेळणारं मूल अचानक गप्प झालं, तर आधी तिकडे बघा.

> तपासणी : मूल पाण्यात असताना अधूनमधून साधा प्रश्न विचारा, ‘काय रे, ठीक ना?’ उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर दुसऱ्यांदा विचारत बसू नका, जवळ जा.

## टप्पा १ : मुलाच्या उंचीवरून घराची फेरी मारा

कागद-पेन घ्या आणि खरोखर गुडघ्यांवर बसून घर फिरा. उभ्या माणसाला बादलीतलं पाणी दिसतं. रांगत्या मुलाला दिसते ती बादलीची कड, धरून उभं राहायला अगदी सोयीची. जिथे जिथे पाणी साठतं ती प्रत्येक जागा लिहून काढा : बादल्या, टब, पिंप, टाकी, हौद, कमोड, वरून उघडणारं वॉशिंग मशीन, कूलर, शोभेचं कारंजं, माशांचं कुंड, बांधकामाचा खड्डा, गटार, विहीर, तळं, शेजारचा तरण तलाव.

शेजारचा तलाव मुद्दाम लिहिला. यादी स्वतःच्या भिंतीशी संपवणं ही या टप्प्यातली नेहमीची चूक. चालायला शिकलेलं मूल काही मिनिटांत जिथवर पोचेल, तिथवरचं सगळं पाणी तुमच्या यादीत हवं. पाहुणे म्हणून दुसऱ्यांच्या घरी राहायला गेलात तर सामान लावण्याआधी हीच फेरी तिथेही मारा, कारण त्या घरातल्या माणसांना लहान मुलाच्या नजरेने बघायची सवय राहिलेली नसते.

वयानुसार धोक्याची जागा सरकते. वर्षाच्या आतल्या बाळाला टब आणि बादली, एक ते चार वर्षांच्या मुलाला घराजवळचं कुठलंही उघडं पाणी, शाळकरी मुलाला तलाव आणि तळं, तर किशोरवयीन मुलांना नदी, समुद्र, खाणींचे खड्डे आणि मित्रांनी लावलेली पैज. यादी दर काही महिन्यांनी नव्याने करा.

## टप्पा २ : जे पाणी नको ते ओतून द्या

लहान मुलाला बुडायला जेमतेम ५ सेंटिमीटर पाणी पुरतं. नाक आणि तोंड झाकलं गेलं की झालं. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते बादलीच्या कडेवर पोट टेकवून आत वाकलं की तोल पुढे जातो, पाय जमिनीवरून सुटतात आणि हात तळाशी टेकले तरी स्वतःला वर ढकलण्याइतकी ताकद त्यांत नसते. मोठी बादली भरलेली असेल तर मुलाच्या वजनाने ती कलंडतही नाही. त्यामुळे ‘बादली पडेल, आवाज येईल’ या भरवशावर राहू नका.

१. वापर झाला की बादली, टब, हवेचा छोटा तलाव लगेच रिकामा करा. ‘नंतर कपडे भिजवायला होईल’ म्हणून ठेवलेलं पाणी हेच धोक्याचं पाणी.

२. रिकामी भांडी पालथी घाला. बाहेर ठेवलेल्या उताण्या टबात पाऊस पाणी भरतो, तेही तुमच्या नकळत.

३. पाणी साठवून ठेवणं भाग असेल, तर घट्ट बसणारं झाकण लावा. नुसतं वर ठेवलेलं पातळ पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण मुलाच्या वजनाने आत जातं आणि त्याला वरून झाकून टाकतं. मोठ्या माणसाने हाताने जोर देऊन बघितल्यावरही हलत नाही, ते झाकण.

४. न्हाणीघराचं दार बाहेरून, मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर कडी लावून बंद ठेवा. कमोडचं झाकण बंद.

५. जमिनीतल्या टाकीच्या झाकणाला कुलूप लावा. टाकी साफ करणारे किंवा टँकरवाले निघून गेले की झाकण स्वतः बघा, दुसऱ्याच्या शब्दावर सोडू नका.

> इशारा : आंघोळीच्या टबात बाळाला बसवायच्या खुर्च्या आणि रिंगा मिळतात. त्या बाळाला धरून ठेवतात, बुडण्यापासून वाचवत नाहीत. बाळ त्यांतून सरकतं, किंवा खुर्चीसकट उलटतं. आंघोळ घालताना दाराची बेल वाजली, फोन आला, टॉवेल राहिला, तर बाळाला उचलून सोबत न्या. मोठ्या भावंडाला ‘जरा बघ’ म्हणून बसवणं चालणार नाही. आठ वर्षांचं मूल आठ वर्षांचंच असतं.

## टप्पा ३ : उरलेल्या पाण्याला अडथळा

जे पाणी ओतता येत नाही, त्याच्यापर्यंत मुलाला एकट्याने पोचता येऊ नये. तरण तलावाला चारही बाजूंनी कुंपण हवं. घराची भिंत ही चौथी बाजू धरली की घरातून तलावाकडे उघडणारं दार हेच भगदाड होतं. कुंपण किमान १.२ मीटर उंच, उभ्या गजांमध्ये १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको, आणि आडव्या पट्ट्या अशा नकोत की पाय ठेवून चढता येईल. फाटक आपोआप मिटणारं, आपोआप कडी लागणारं, आणि तलावापासून बाहेरच्या दिशेला उघडणारं हवं. कडी लहान मुलाच्या हाताला लागता कामा नये.

एवढं सगळं करून लोक फाटकाला वीट लावून ते उघडं ठेवतात. ये-जा सोपी होते ना! शिवाय कुंपणाला लागून खुर्ची, कुंडी किंवा खोका ठेवतात, म्हणजे चढायला पायरीच.

विहिरीला कठडा आणि वर लोखंडी जाळी, दोन्ही हवेत. नुसत्या कठड्यावर मुलं ओणवी होतात. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा धोका वेगळाच आहे. उतारावर शेवाळ धरलं की पोहता येणारा मोठा माणूसही वर येऊ शकत नाही, कारण धरायला काही नसतं आणि पाय घसरत राहतो. अशा तळ्याला कुंपण तर हवंच, पण काठावर पक्क्या खुंट्याला बांधलेले, जागोजागी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा, प्रत्येक बाजूला एक तरी.

पाण्यात खेळून झालं की खेळणी बाहेर काढून दृष्टीआड ठेवा. पाण्यावर तरंगणारा चेंडू मुलाला बोलावत असतो.

> तपासणी : फाटक थोडंसंच उघडून हात सोडा. ते स्वतः मिटून कडी लागली पाहिजे. पूर्ण उघडून सोडलेलं फाटक मिटतं आणि अर्धं उघडलेलं अडकतं, असं पुष्कळदा होतं. म्हणून दोन्ही करून बघा.

## टप्पा ४ : नजर ठेवण्याचं काम नेमून द्या

माझ्या मते सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या करणारी माणसं बेफिकीर नसतात. घरचे दहाजण तलावाच्या काठावर बसलेत, गप्पा चालल्यात, प्रत्येकाला वाटतंय की एवढी माणसं आहेत, कोणीतरी बघतंच असेल. म्हणजे बघत कोणीच नाही. जमलेली मंडळी जितकी जास्त, तितकी ही चूक सोपी.

१. एका माणसाचं नाव घ्या. ‘पुढची पंधरा मिनिटं काका बघतील.’ नाव घेतल्याशिवाय मुलं पाण्यात उतरणार नाहीत, हा नियम मुलांनाही सांगून ठेवा. ती स्वतःच विचारायला लागतात, ‘आत्ता कोण बघतंय?’

२. पाळी १५ ते २० मिनिटांची ठेवा. त्यापुढे लक्ष ढळतं. गळ्यात शिट्टी किंवा हातात रंगीत पट्टी घ्या आणि पाळी बदलताना ती हातात द्या. पुढच्याने ‘घेतली’ असं तोंडाने म्हणेपर्यंत आधीच्याने पाण्यावरची नजर काढायची नाही.

३. पाळीवरचा माणूस वाचत नाही, फोन बघत नाही, फोटो काढत नाही, दुसऱ्याशी वळून गप्पा मारत नाही. दारू घेतलेल्या माणसाला पाळी नाही. मुलांचा व्हिडिओ काढणं म्हणजे मुलांकडे बघणंच की, असं वाटतं. पण डोळा चौकटीत एका मुलावर असतो आणि बाकीची मुलं चौकटीबाहेर.

४. मुलं मोजा. मनात नको, ओठ हलवून, दर अर्ध्या-एक मिनिटाने. संख्या जुळली नाही तर आधी पाण्यात आणि पाण्याच्या तळाशी बघा, मग बाकीकडे.

५. पोहता न येणारं मूल असेल तर नजर पुरत नाही, हाताचं अंतर लागतं. तुमचा हात लांब केला की मुलाला लागला पाहिजे, म्हणजेच तुम्ही पाण्यात, कपडे भिजलेले. काठावरच्या खुर्चीवरून हे होत नाही.

जीवरक्षक असेल तरी ही पाळी सुटत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे संपूर्ण तलाव असतो, तुमच्यापुढे तुमचं एक मूल.

पोहायच्या कपड्यांचा रंग ही फुकटात मिळणारी मदत आहे. निळा, पांढरा, फिकट राखाडी हे रंग पाण्यात हरवतात. भडक नारिंगी, भडक गुलाबी, झगझगीत पिवळा लांबून आणि पाण्याखालीही लवकर दिसतो. खरेदी करताना आवडता रंग बाजूला ठेवून हे बघा.

> इशारा : सर्वांत सैल वेळ म्हणजे पाण्याचा खेळ संपल्यावरची. सगळे आवरताहेत, मुलांचे फुगे आणि जॅकेट काढलेले, पाळी संपलेली. खेळण्यासाठी परत धावणारं मूल याच वेळी निसटतं. शेवटचं मूल कोरडं होऊन फाटकाबाहेर जाईपर्यंत पाळी चालू ठेवा.

ज्या मुलाला फिट्स येतात, त्याला एकट्याने टबात किंवा पाण्यात राहू देऊ नका, मग ते कितीही मोठं असो. त्याने शॉवरखाली किंवा तांब्याने आंघोळ करणं बरं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते आणि ती न सांगता घराबाहेर पडतात. अशा मुलासाठी दाराला घंटी किंवा अलार्म लावा आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा : हे एकटं दिसलं तर आधी पाण्याकडे पळा.

## टप्पा ५ : पोहायला शिकवा, पण काय शिकला ते स्वतः तपासा

पोहण्याच्या शिक्षणाने बुडण्याचा धोका कमी होतो. चार वर्षांच्या आसपास बहुतेक मुलं शिकायला तयार असतात, काही त्याआधीही. पण ‘क्लास पूर्ण केला’ हे प्रमाणपत्र आहे, क्षमता नव्हे. क्लासमध्ये मूल पोहण्याचा चष्मा लावून, स्वच्छ उथळ पाण्यात, मनाची तयारी करून उतरतं. अपघातात यातलं काहीच नसतं.

मुलाला खरंच येतं का, हे शिक्षकासमोर याच क्रमाने करून बघा :

१. डोक्यापेक्षा खोल पाण्यात उतरून पुन्हा वर येणं.
२. एक मिनिट पाठीवर तरंगणं किंवा जागच्या जागी पाय मारत राहणं.
३. पाण्यातच पूर्ण वळून काठ कुठे आहे हे शोधणं.
४. सुमारे २५ मीटर पोहून त्या काठापर्यंत जाणं.
५. शिडीशिवाय बाहेर येणं.

पाचवी पायरी बहुतेक क्लासमध्ये राहूनच जाते. काठ गाठलेलं मूल वर चढता न आल्यामुळे परत पाण्यात पडतं. हे पाचही न चष्मा लावता, आणि एकदा अंगावर रोजचे कपडे घालून करायला लावा. ओले कपडे किती ओढतात हे सांगून कळत नाही.

पाठीवर उलटून तरंगणं हे पोहण्याच्या हातांआधी शिकवायला सांगा. दमलेल्या मुलाला श्वास घ्यायला तेवढं पुरतं.

पाण्याखाली जास्तीत जास्त वेळ कोण राहतो, ही स्पर्धा मोठ्या, चांगल्या पोहणाऱ्या मुलांना मारते. त्यांना कारण समजावून सांगा, नुसतं नको म्हणून ती ऐकणार नाहीत. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटण्याची तगमग तर कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळेच होते. ती येतच नाही आणि ऑक्सिजन संपून मूल पाण्याखाली शांतपणे बेशुद्ध होतं. काठावरच्यांना वाटतं, विक्रम चाललाय.

## टप्पा ६ : साधनं

दंडात घालायचे फुगे, कमरेची रिंग, हवेचा बदक ही सगळी खेळणी. फुगा निसटतो, वॉल्व्ह सुटतो, रिंग उलटली की मूल डोकं खाली, पाय वर. शिवाय फुग्यांमुळे मूल पाण्यात उभं राहायला शिकतं, आणि ती बुडण्याचीच स्थिती. याहून वाईट म्हणजे फुगे बघून मोठी माणसं नजर काढतात.

होडीत बसताना किंवा उघड्या पाण्याजवळ खरं लाइफ जॅकेट हवं. ते असं तपासा :

१. लेबलवर मुलाच्या वजनाचा आकडा बघा. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठं घेऊ नका.
२. सगळे पट्टे आणि चेन लावा. लहान मुलांच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा आणि मानेमागे कॉलर असावी.
३. मुलाला हात वर करायला सांगा आणि जॅकेट खांद्याशी धरून वर ओढा. ते हनुवटीवर किंवा कानांपर्यंत सरकलं तर मोठं आहे.
४. उथळ पाण्यात, तुमच्या हाताशी, घालून बघा. चेहरा पाण्याबाहेर राहतो का?

होडी किनाऱ्याला बांधलेली असतानाच जॅकेट घाला. ते बाकाखाली ठेवलेलं असून उपयोग नाही. होडी उलटल्यावर पाण्यात ते अंगात चढवता येत नाही.

## टप्पा ७ : नदी, समुद्र, पुराचं पाणी

तलावात पोहणारं मूल नदीत पोहू शकतंच असं नाही. नदीचा तळ एका पावलात गुडघ्यावरून डोक्यावर जातो, वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ असते, दगडांवर शेवाळ असतं. वरच्या बाजूला धरण असेल तर ऊन पडलेलं असतानाही पाणी वाढतं. बंधाऱ्याच्या खाली तर मुळीच उतरू नका. तिथे पडणारं पाणी भोवरा करून माणसाला पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडे खेचतं, आणि पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटत नाही.

उतरण्याआधी बघा : बाहेर कुठून पडणार? पाण्यात एक काटकी टाका आणि ती किती वेगाने जाते ते पाहा. तुमच्या चालण्यापेक्षा वेगाने गेली तर मुलांना आत नेऊ नका. अनोळखी पाण्यात डोक्यावर उडी अजिबात नाही, मानेचा मणका जातो. आणि थंड पाण्यात, साधारण १५ अंश सेल्सियसच्या खाली, अचानक पडलं की आपोआप धाप लागते. तोंड पाण्याखाली असेल तर पहिल्याच श्वासात पाणी आत जातं.

समुद्रावर जीवरक्षकांची जागा लाल-पिवळ्या झेंड्यांमध्ये असते, तिथेच उतरा. नुसता लाल झेंडा म्हणजे धोका, पोहायचं नाही. लाटांच्या रांगेत मधेच एक शांत, गडद पट्टा दिसतो आणि लोक मुलांना नेमकं तिथे नेतात. पाणी तिथूनच समुद्रात परत जात असतं. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहून दमायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला जाऊन मग आत यायचं. मुलांना हे वाळूवर रेघा काढून, पाण्यात उतरण्याआधी समजावा.

> इशारा : पुराचं वाहतं पाणी फक्त १५ सेंटिमीटर खोल असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं, ३० सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी तरंगायला लागते. मुलं गाडीत असताना पाण्याखालचा पूल ‘जाईल की’ म्हणून ओलांडू नका. पाण्याखाली पूल आहे की वाहून गेलाय, हे वरून दिसत नाही.

## टप्पा ८ : मूल बुडताना दिसलं तर

पहिली ऊर्मी उडी मारण्याची असते. मागोमाग उडी घेतलेल्या आईबापांचे आणि भावंडांचे मृतदेह एकाच दिवशी बाहेर काढले गेल्याच्या बातम्या याच ऊर्मीच्या असतात. घाबरलेला माणूस हाताला लागेल त्यावर चढतो आणि वाचवणाऱ्याला खाली दाबतो. म्हणून क्रम :

१. ओरडा. एका माणसाकडे बोट दाखवून ‘तू रुग्णवाहिकेला फोन कर’ असं सांगा. घोळक्याला उद्देशून ओरडलात तर कोणीच फोन करत नाही.

२. काठावर पालथे झोपा आणि काठी, बांबू, ओढणी, पट्टा, टॉवेल पुढे करा. उभं राहून हात दिलात तर तुम्हीच आत ओढले जाल.

३. पोचत नसेल तर फेका. दोर बांधलेली रिंग उत्तम. नसेल तर झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, मोठी रिकामी बाटली, चेंडू, तरंगेल असं काहीही. ‘पाठीवर हो, हे धर’ असं मोठ्याने सांगत राहा.

४. आत जायचं ते फक्त पाणी उथळ आणि तळ माहीत असेल, किंवा तुम्हाला सुटकेचं प्रशिक्षण असेल तर. तेव्हाही तरंगणारी वस्तू सोबत घ्या आणि ती दोघांच्या मध्ये ठेवा.

साडी किंवा ओढणी पाण्यात फेकल्यावर भिजून जड होते आणि प्रवाहात वाहते. म्हणून एक टोक हाताला गुंडाळू नका, नुसतं मुठीत धरा.

पाण्याजवळ राहत असाल तर दोर आणि कॅन काठावर कायम टांगून ठेवा. घरात शोधायला जाण्याइतका वेळ मिळत नाही.

## टप्पा ९ : बाहेर काढल्यावर

इथे करू नये ते आधी सांगतो, कारण हात सवयीने तिकडेच जातात. पोट दाबून पाणी काढायचं नाही. पाय धरून उलटं टांगायचं नाही, गोल फिरवायचं नाही. त्याने पोटातलं उलटून फुप्फुसात जातं आणि श्वासाविना मिनिटं वाया जातात. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर ४ ते ६ मिनिटांत कायमची इजा व्हायला लागते. फुप्फुसातलं पाणी काढणं हे तुमचं काम नाही, हवा पोचवणं आहे.

१. कडक सपाट जागी उताणं झोपवा. हाक मारा, खांदा हलवा. बाळ असेल तर तळव्यावर टिचक्या मारा. श्वास चालतोय का ते १० सेकंदांच्या आत बघा. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे.

२. श्वास नसेल तर फोन स्पीकरवर टाका आणि लगेच तोंडाने श्वास द्या. बुडालेल्या मुलाच्या बाबतीत श्वास आधी, छाती दाबणं नंतर. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं सुरुवातीला ५ श्वास सांगतात, अमेरिकी २. तुम्ही जे शिकलात ते करा, पण श्वास वगळू नका.

३. श्वास देण्यासाठी मुलाचं डोकं मागे कलवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा. वर्षाखालच्या बाळाचं डोकं सरळच ठेवा आणि तुमच्या तोंडाने त्याचं नाक व तोंड दोन्ही झाका. छाती जराशी उचललेली दिसली की पुरे. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते.

४. मग छातीच्या मध्यभागी दाबा : ३० दाब, २ श्वास. वेग मिनिटाला १०० ते १२०. खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे मोठ्या मुलात सुमारे ५ सेंटिमीटर आणि बाळात ४. बाळाच्या छातीभोवती दोन्ही हात धरून दोन अंगठ्यांनी दाबा.

५. तोंडातून फेस येतो. तो पुसत बसू नका, श्वास देत राहा. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि परत सुरू करा.

६. मूल हालचाल करेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबू नका. हृदयाला झटका देणारं यंत्र आलं तर छाती आधी कोरडी करा.

लेख वाचून सीपीआर, म्हणजे हे श्वास देणं आणि छाती दाबणं, येत नाही. पुतळ्यावर हाताने शिकावा लागतो, काही तासांचा वर्ग असतो. मुलाला पोहायला घालण्याच्या महिन्यात घरातल्या किमान दोघांनी हा वर्ग करावा, सांभाळायला येणाऱ्या बाई आणि आजी-आजोबाही त्यात आले.

## टप्पा १० : मूल शुद्धीवर आलं, रडलं, बरं दिसतंय

तरीही दवाखान्यात न्या. ज्याला श्वास द्यावा लागला, जे बेशुद्ध झालं किंवा ज्याचा खोकला थांबत नाही, त्याला तर वाट न बघता. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो. बहुतेकदा तो ८ तासांच्या आत दिसतो, आणि म्हणूनच डॉक्टर मुलाला देखरेखीखाली ठेवतात. वाटेत ओले कपडे काढून कोरड्या चादरीत गुंडाळा. खायला-प्यायला देऊ नका.

पाण्याचा नुसता एखादा घोट गेला, थोडं खोकून मूल पुन्हा खेळायला लागलं, तर घाबरायचं कारण नाही. पण त्या दिवशी सतत खोकला, भराभर किंवा बरगड्या आत ओढून श्वास, ओठ निळसर, उलट्या, किंवा नेहमीपेक्षा वेगळी गुंगी यांतलं काहीही दिसलं, तर रात्र उलटायची वाट पाहू नका.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी तोवर मनात जुळवा : किती वेळ पाण्याखाली होतं (अंदाज असला तरी सांगा), पाणी कसलं होतं, बाहेर काढलं तेव्हा श्वास होता का, सीपीआर कोणी आणि किती वेळ दिला, उलटी झाली का, डोक्यावर किंवा मानेवर मार लागला का, आणि त्याला फिट्सचा किंवा हृदयाचा जुना त्रास आहे का.